विश्लेषण : सोन्यासाठी आलेले चिनी अमेरिकेच्या खाणगावात रुजले कसे आणि पुसले का गेले?

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जॉन डे हे छोटेसे गाव. तेथील एक जुनी दगडी इमारत अनेक वर्षे कुलूपबंद होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती उघडली गेली, तेव्हा आत चिनी औषधांनी भरलेले कप्पे, देवघर, हिशेबाच्या वह्या आणि पत्रे होती. एका पलंगाखाली २३ हजार डॉलरहून अधिक रकमेचे, कधीच न वटवलेले धनादेश होते. ते इंग हे या चिनी वैद्याला त्याच्या रुग्णांनी दिलेले होते. ज्या देशाने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले होते, त्याच देशातील एका गावाचा हा वैद्य सहा दशके विश्वासू आधार होता. हे कसे घडले आणि इतके होऊनही ही चिनी वस्ती का टिकली नाही, याविषयी…

चिनी लोक या दुर्गम भागात पोहोचले कसे?

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले आणि ही बातमी पॅसिफिक महासागर ओलांडून दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पोहोचली. तेथील लोक कॅलिफोर्नियाला ‘गाम सान’ म्हणजे सोन्याचा डोंगर म्हणू लागले. अमेरिकेत गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पर्ल नदीच्या मुखाजवळच्या मोजक्या तालुक्यांतील होते. त्यातही तैशान तालुक्याचा वाटा मोठा होता. जमीन कमी आणि तोंडे जास्त अशी तेथील स्थिती होती. अफूच्या युद्धांनंतरची आर्थिक ओढाताण, ताइपिंग बंड आणि स्थानिक गटांमधील रक्तरंजित संघर्ष यांनी तिच्यात भर घातली. घरातील एका मुलाने परदेशी जाऊन पैसे पाठवावेत, हा जगण्याचा मार्ग ठरला. प्रवासाचे भाडे अनेकदा उसनवारीने उभे केले जाई आणि कमाईतून ते फेडले जाई.

पूर्व ऑरेगनमधील कॅनियन क्रीक या ओढ्यात १८६२ मध्ये सोने मिळाले. पाहता पाहता कॅनियन सिटी हे खाणगाव उभे राहिले. वरवरचे सोने काढून झाल्यावर गोरे खाणकामगार नव्या ठिकाणी निघून जात. मागे उरलेली वाळू आणि खडी पुन्हा धुऊन त्यातील सोन्याचे कण वेचण्याचे काम चिनी गटांनी हाती घेतले. त्यासाठी चिकाटी, पाणी वळवण्याचे कौशल्य आणि एकत्र राहून खर्च कमी ठेवण्याची तयारी लागत असे. १८७९ च्या एका नोंदीनुसार पूर्व ऑरेगनच्या खाणींत ९६० गोरे, तर २,४६८ चिनी कामगार होते. म्हणजे ज्या भागाचा इतिहास गोऱ्या खाणकामगारांचा म्हणून सांगितला जातो, तेथे खाणीत राबणाऱ्या दर दहा माणसांपैकी सुमारे सात चिनी होते.

कायदा त्यांच्या बाजूने होता का?

नव्हता. १८५९ मध्ये लागू झालेल्या ऑरेगनच्या राज्यघटनेतच तरतूद होती की, त्यानंतर राज्यात येणाऱ्या चिनी माणसाला जमीन किंवा खाणपट्टा मालकीने घेता येणार नाही. प्रत्यक्षात मात्र सोने आटत आलेले पट्टे चिनी गटांना विकण्यात किंवा भाड्याने देण्यात गोऱ्या मालकांचा फायदा होता. त्यामुळे नियम कागदावर आणि व्यवहार जमिनीवर, असे चाले. यातील धोका एकाच बाजूला होता. वाद झालाच, तर चिनी माणसाच्या हाती कायदेशीर आधार फारसा नसे.

राष्ट्रीय पातळीवर परिस्थिती आणखी बिघडत गेली. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळपास अशक्य केला. १८८२ च्या चिनी प्रवेशबंदी कायद्याने मजुरांना दार बंद केले आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व नाकारले. १८८८ मध्ये, मायदेशी भेट देण्यासाठी गेलेल्या मजुरांचे परतीचे परवानेही रद्द झाले. १८९२ पासून चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसेल तर अटक आणि हद्दपारी होई.

याच काळात हिंसाचारही वाढला. सप्टेंबर १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज या कोळसा खाणीच्या गावात २८ चिनी कामगार मारले गेले. मे १८८७ मध्ये ऑरेगनच्या पूर्व सीमेवर, स्नेक नदीच्या हेल्स कॅनियनमध्ये सोने धुणाऱ्या चिनी कामगारांची हत्या झाली. मृतांचा आकडा ३४ पर्यंत सांगितला जातो. तिघांवर खटला चालला आणि तिघेही निर्दोष सुटले.

जॉन डे येथील वस्ती कशी उभी राहिली?

कॅनियन सिटीतील चिनी मोहल्ला १८८५ मध्ये आगीत जळाला. तेथील रहिवासी जवळच असलेल्या जॉन डे गावात सरकले. तेथे आधीच एक दगडी इमारत होती. १८६०च्या दशकात खाणींकडे जाणाऱ्या लष्करी रस्त्यावरील व्यापारी ठाणे म्हणून ती बांधली गेली असावी. पुढे ती ‘काम वाह चुंग’ या चिनी दुकानाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या नावाचा अर्थ साधारणपणे ‘भरभराटीचे सोनेरी फूल’ असा सांगितला जातो.

१८८०च्या दशकाच्या अखेरीस इंग हे आणि लुंग ऑन या दोन तरुणांनी हे दुकान भागीदारीत घेतले. दोघेही पंचविशीच्या आसपासचे होते. इंग हे तैशानचे. ते वडिलांबरोबर अमेरिकेत आले होते. वडील पुढे मायदेशी परतले, मुलगा मागे राहिला. लुंग ऑन शिकलेले होते आणि इंग्रजीत पारंगत होते. दोघांच्याही बायका आणि मुले चीनमध्ये होती.

दुकान हे केवळ दुकान नव्हते. तांदूळ, चहा, मसाले, फटाके, औषधी वनस्पती असा चिनी माल शहरांतील व्यापाऱ्यांकडून येथे येई. गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी डबाबंद खाणे आणि अवजारेही ठेवली जात. निरक्षर मजुरांची पत्रे येथे लिहिली आणि वाचली जात. शेतांवर आणि खाणींवर मजूर पुरवण्याचे ठेके येथून ठरत. एका कोपऱ्यात देवघर होते, दुसरीकडे वाटसरूंसाठी झोपण्याच्या फळ्या होत्या. जुगार चाले. धूम्रपानाच्या अफूची आयात अमेरिकेत १९०९ पर्यंत बेकायदा नव्हती, त्यामुळे अफूही ओढली जाई. पोस्ट, बँक, धर्मशाळा, मंदिर आणि कट्टा हे सारे एकाच छपराखाली होते. खिडक्या मात्र अगदी कमी आणि दारे मजबूत. दारावरील बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात. ही वस्ती रात्री किती निर्धास्त झोपत असेल, हे त्यावरून समजते.

दोघांनी नव्या समाजाशी कसे जुळवून घेतले?

दोघांचे मार्ग अगदी वेगळे होते. लुंग ऑन यांनी अमेरिकी रीतीभाती सहज उचलल्या. सूट घालणारे, गप्पांत रमणारे, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारे हे गृहस्थ गावात ‘लिऑन’ म्हणून ओळखले जात. त्यांनी जमीनजुमला आणि इतर व्यवसायांत पैसे गुंतवले. मोटारींचा जमाना येत असल्याचे त्यांनी ओळखले आणि पूर्व ऑरेगनमधील सुरुवातीच्या मोटारविक्री व्यवसायांपैकी एक सुरू केला. खाण संपल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी इतरांच्या आधी शोधले होते.

इंग हे यांनी तसे काही केले नाही. त्यांचे इंग्रजी अखेरपर्यंत जेमतेमच राहिले. देवघरातील पूजा त्यांनी सोडली नाही. त्यांच्याकडे होती ती नाडीपरीक्षा. रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून, नाडीची गती आणि दाब यांवरून ते निदान करत आणि काढे देत. त्यांच्या औषधांच्या साठ्यात पाचशेहून अधिक प्रकार होते. मुळ्या, साली, बिया यांबरोबरच अस्वलाच्या पंजासारख्या प्राणिज वस्तूही त्यात होत्या.

सुरुवातीला चिनी मजूर त्यांच्याकडे येत. नंतर गोरे शेतकरी, गुराखी आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया-मुलेही येऊ लागली. याला साधे कारण होते. प्रतिजैविके अजून आली नव्हती. कुंपणाच्या तारेने झालेली जखम चिघळून रक्तात विष पसरले, तर हात किंवा पाय कापणे हाच अनेकदा डॉक्टरांचा उपाय असे. अशा रुग्णांना बरे करणारा वैद्य म्हणून ‘डॉक हे’ यांची ख्याती झाली. त्यांचे सगळेच उपाय आजच्या वैद्यकीय कसोट्यांवर उतरतील असे नाही. पण दूरवरून लोक येत होते आणि न येणाऱ्यांना टपालाने औषधे जात होती. रुग्णाचे बोलणे वैद्याला आणि वैद्याचे पथ्य रुग्णाला समजावण्यासाठी लुंग ऑन सोबत असत. एकाने परंपरा जपली, दुसऱ्याने तिला गावाच्या भाषेत नेले. एकट्याने कदाचित दोघांनाही हे जमले नसते.

गावाने त्यांना खरोखर स्वीकारले होते का?

याचे उत्तर एका खटल्यात सापडते. परवान्याविना वैद्यकी करत असल्याचा आरोप इंग हे यांच्यावर १९०५ च्या सुमारास ठेवला गेला. परवानाधारक डॉक्टरांना ही स्पर्धा खुपत होती. कायद्याच्या दृष्टीने आरोपात तथ्य होते. परंतु ज्यांच्या घरातील माणसे या वैद्याने बरी केली, त्याच गावकऱ्यांतून निवडलेली ज्युरी त्यांना दोषी ठरवायला तयार झाली नाही.

पण या स्वीकाराला मर्यादा होत्या. तो एका माणसाचा होता, समाजाचा नव्हता. आमचा डॉक वेगळा आणि बाकीचे चिनी वेगळे, अशी विभागणी लोकांच्या मनात सहज होत असे. ज्या ज्युरीने इंग हे यांना वाचवले, तिला त्यांना नागरिकत्व देता येत नव्हते, जमिनीवरील घटनात्मक बंदी उठवता येत नव्हती आणि त्यांच्या पत्नीला बोटीत बसवून आणताही येत नव्हते. शेजाऱ्यांचा जिव्हाळा आणि कायद्याचा नकार ही दोन्ही एकाच गावात साठ वर्षे शेजारी शेजारी नांदली.

सामान्य चिनी कामगारांचे काय?

खाणीतल्या साध्या मजुराने जुळवून घेतले ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींत. पश्चिम अमेरिकेतील चिनी खाणवस्त्यांच्या उत्खननांत मातीच्या चिनी बरण्या आणि भाताचे वाडगे सापडतात. त्यांच्याच शेजारी अमेरिकी पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या आणि गोमांसाची हाडेही मिळतात. जेवण आपल्या पद्धतीचे, पण साहित्य मिळेल ते, असा हा हिशेब होता. अंगावर अमेरिकी कोट आणि पायात बूट आले, डोक्यावरची लांब वेणी मात्र राहिली. वेणी हा हट्ट नव्हता. चिंग राजवटीत ती न ठेवणे हा राजद्रोह मानला जाई आणि ती कापणाऱ्याला मायदेशी परतणे धोक्याचे होते. १९११-१२ मध्ये ती राजवट कोसळल्यावर वेण्या गेल्या.

सोने कमी झाले तसे हे लोक भाजीपाला पिकवू लागले, धोबीकाम करू लागले, मेंढपाळांच्या आणि गुरांच्या वाड्यांवर स्वयंपाकी झाले. खाणगावात बायका कमी असल्याने ही कामे करणारे हवेच होते. चिनी नववर्षाचे फटाके ऐकायला गोरी मुलेही जमत. मरण मात्र बहुतेकांना मायदेशातच हवे होते. परदेशात दफन केलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून चीनला पाठवण्याची प्रथा होती, म्हणजे वंशज पूर्वजांचे विधी करू शकत. चिनी लोक इथे रमायलाच तयार नाहीत, असा आरोप तेव्हा होत असे. पण ज्यांना नागरिक होता येत नाही आणि कुटुंब आणता येत नाही, त्यांनी परतीचा विचार मनात ठेवणे हा व्यवहारी शहाणपणा होता.

मग ही वस्ती पुसली का गेली?

सोने संपले, हे पहिले कारण. पण सोने संपल्यावरही गोरे लोक शेती, पशुपालन आणि लाकूडकामात टिकून राहिले. चिनी वस्तीला दुसरी पिढीच जवळपास मिळाली नाही, हे खरे कारण. मजुरांना बायका आणता येत नव्हत्या. ऑरेगनमध्ये गोऱ्या आणि चिनी व्यक्तींच्या विवाहाला १८६६ पासून कायद्याने बंदी होती आणि ती १९५१ पर्यंत राहिली. चीनला जाऊन यावे, तर परत प्रवेश मिळेल याची खात्री नव्हती. पुरुषांची ही वस्ती म्हातारी होत गेली. काही परतले, काही पोर्टलंड किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या चिनी मोहल्ल्यांत गेले, काही तिथेच वारले. एकेकाळी शेकड्यांनी चिनी असलेल्या या परिसरात १९४० च्या सुमारास जेमतेम वीस जण उरले होते.

काम वाह चुंगमध्ये सापडलेल्या पत्रांत या एकटेपणाची दुसरी बाजू दिसते. गावाकडून आलेली ही पत्रे पैसे पोहोचल्याचे कळवतात, आणखी पैशांची गरज सांगतात आणि घरी कधी येणार, असे विचारतात. इंग हे आणि लुंग ऑन या दोघांच्याही घरच्यांनी परत बोलावले. दोघेही कायमचे परतले नाहीत. गावातील यश आणि घरातील अनुपस्थिती ही एकाच निर्णयाची दोन फळे होती. जॉन डेच्या रुग्णांना जो वैद्य मिळाला, तो तैशानमधील एका कुटुंबाने गमावलेला मुलगा, नवरा आणि बाप होता.

शेवट कसा झाला?

लुंग ऑन १९४० मध्ये वारले. इंग हे यांची दृष्टी तोपर्यंत मंदावली होती. त्यांच्या मदतीला बॉब वाह हे चिनी वैद्य आले होते. १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात चीन हा अमेरिकेचा मित्रदेश असताना, प्रवेशबंदी कायदा रद्द झाला. पण वर्षाला फक्त १०५ जणांचा कोटा ठेवला गेला. जमिनीबाबतची ऑरेगनच्या घटनेतील तरतूद १९४६ मध्ये मतदारांनी काढून टाकली. इंग हे तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. दोन वर्षांनी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि त्यांना पोर्टलंडला हलवण्यात आले. १९५२ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले. त्यांचे दफन जॉन डे येथेच, जुन्या भागीदाराजवळ झाले.

इमारत संग्रहालय व्हावी या इच्छेने ती गावाकडे सोपवण्यात आली होती. पण ती गोष्ट विस्मरणात गेली. शेजारी उद्यान उभारण्याचे काम निघाले तेव्हा, १९६७ मध्ये, या इमारतीची मालकी गावाकडेच असल्याचे लक्षात आले. पूर्व ऑरेगनच्या कोरड्या हवेमुळे आतले बरेच काही टिकून होते. पुढे ती संग्रहालय म्हणून खुली झाली आणि २००५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

त्या धनादेशांतून काय समजते?

रुग्ण गरीब आहेत, मंदीचा काळ आहे, म्हणून डॉक हे यांनी धनादेश वटवलेच नाहीत, असे गावात सांगितले जाते. स्थलांतरितांनी इथल्या समाजात मिसळावे, त्याला काहीतरी द्यावे, अशी अपेक्षा आज जगभर व्यक्त होते. जॉन डे येथील चिनी लोकांनी भाषा शिकली, धंदे काढले, रोगी बरे केले आणि बिलेही सोडून दिली. त्या बदल्यात त्यांना शेजाऱ्यांकडून आदर मिळाला, पण कुटुंब वसवण्याचा हक्क मिळाला नाही. जुळवून घेण्यात ते कमी पडले नाहीत. वस्ती टिकण्यासाठी जे कायद्याकडून यायला हवे होते, ते आले तेव्हा तिथे ते घ्यायला माणसे उरली नव्हती.